नाताळ आमचा, तर हिशेबही आमचाच

डिसेंबर लागला की आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना दोन बाजूंनी एकच प्रश्न येतो. शेजारचे, ऑफिसातले, कधी जुने वर्गमित्र विचारतात, ‘हा सण मूळचा इकडचा नाही ना?’ बहुतेक वेळा त्यात कुतूहल असतं, अलीकडे कधी कधी खोचही असते. दुसरी बाजू घरातलीच. आमच्यातल्या काही नव्या मंडळ्या, म्हणजे चर्च, सांगतात की पंचवीस डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठेच नाही, झाडं-चांदण्या हे सगळं मूर्तिपूजकांकडून आलेलं, तेव्हा खऱ्या विश्वासणाऱ्याने नाताळ पाळूच नये. एकाच्या मते आमचा सण परका, दुसऱ्याच्या मते भेसळीचा. हवी असते ती दोघांनाही सणाची वंशावळ.

ती द्यायला माझी हरकत नाही. लूकच्या शुभवर्तमानात तारीख नाही, हे खरंच. पंचवीस डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद सापडते ती रोममधली, इसवी सन ३३६ ची. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करते. रशियातले ऑर्थोडॉक्स जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला पडतो. गव्हाणीचा जिवंत देखावा संत फ्रान्सिसने मांडला तो १२२३ साली, इटलीतल्या ग्रेचो गावात. आणि दुकानादुकानांतून डोलणारा तो ढेरपोट्या सांता तर एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या चित्रकारांची, त्यातही थॉमस नॅस्टची करणी. सगळी वंशावळ ही अशी, वाटेत भेटेल त्याला सोबत घेत आलेली. कुठल्या सणाची नसते?

मला यात सगळ्यात मजेचा वाटतो तो आमच्या नगरचा भाग. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) आमच्या पणजोबांना ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती अमेरिकन मराठी मिशनकडून. ही माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. ती आली होती न्यू इंग्लंडातून, काँग्रिगेशनल पंथातून, म्हणजे थेट जुन्या प्युरिटनांच्या, त्या कडक शास्त्रनिष्ठ प्रोटेस्टंटांच्या गादीवरून. आणि प्युरिटनांनी नाताळचं काय केलं होतं? मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली त्यांनी कायदाच केला, की नाताळ म्हणून जो काम बंद ठेवील किंवा मेजवानी झोडील त्याला पाच शिलिंग दंड. कारण तेच, जे आमच्या नव्या मंडळ्या आज सांगतात: शास्त्रात आधार नाही. कायदा १६८१ साली उठला, पण सण बराच काळ हद्दपारच राहिला. त्या राज्यात पंचवीस डिसेंबरला कायदेशीर सुट्टी मिळाली ती १८५६ साली. तोवर नगरचं ठाणं पंचवीस वर्षांचं झालं होतं.

तेव्हा साहेबांनी पेटाऱ्यातून तयार नाताळ आणला आणि आमच्या पूर्वजांच्या हातात ठेवला, हे चित्र निदान आमच्या बाबतीत तरी फसवं आहे. पहिल्या फळीतल्या मिशनऱ्यांच्या लहानपणी त्यांच्याच गावी त्या दिवशी दुकानं उघडी असत.

मग नगरचा नाताळ आहे तरी काय? तो कशाकशातून केलाय ते बघावं. नगरच्या ख्रिस्ती लोकांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन उचललं: पूर्वरंग, उत्तररंग, पेटी, टाळ, आणि आख्यानाला बेथलेहेम. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली. त्यानंतर त्यांनी अभंग, ओव्या, पदं यांचा जो पाऊस पाडला, त्यातली गीतं ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात आहेत आणि आमची म्हातारी माणसं ती पुस्तक न उघडता म्हणतात. चोवीस तारखेच्या रात्री आमच्या वाडीत तरुण संघाची फेरी निघायची तेव्हा गिटार नसायची. ढोलकी असायची. प्रत्येक घरी चहा, आणि चौथ्या-पाचव्या घरापर्यंत चहा नको म्हणायची सोय नसे, कारण पुढच्या घरची बाई रुसायची.

आणि फराळ. नगरकडच्या ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा होतो, झालंच तर अनारसे. माझी आई साट्याच्या करंज्या करायची. वाडीतल्या चार-पाच बायका एकेका संध्याकाळी एकेकीकडे जमायच्या. एक पाऱ्या लाटणार, एक सारण भरणार, आम्ही पोरं कातण्याने कडा कापायला टपलेली, आणि कढईपाशी मात्र नेहमी एकच जण, जिचा हात तळणीला बसलाय ती. लाटून झालेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, फडकं वाळू द्यायचं नाही, एवढीच त्या कामातली खरी शिस्त. मग दिवाळीत शेजाऱ्यांकडून जी ताटं आली त्यांची नाताळला परतफेड. शेजारच्या वहिनी खाताना बजावायच्या, ‘तुमच्या करंजीला खुसखुशीतपणा जास्त हं.’ कॅम्पातल्या बेकरीपुढे रांग लावून आणलेला प्लम केक आमच्या घरात आला तो मी पुण्याला नोकरीला लागल्यावर. मला आवडतो. पण माझ्या लेकीला वाटतं की नाताळ म्हणजे केकच, आणि करंजी ही आजीची हौस.

हे फक्त नगरचं नाही. वसईत पोर्तुगीज १५३४ साली आले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती राहिले आणि त्यांचा नाताळही राहिला. तिथल्या गावांमधून पोरं आजही रात्र-रात्र जागून ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात आणि लोक ते बघत गावोगाव फिरतात. गोव्यात तर १६१६ साली राचोलला फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापून झालं होतं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. मॅसॅच्युसेट्सची वसाहत वसवणाऱ्या त्या प्युरिटनांचा मोठा ताफा निघाला १६३० साली. म्हणजे नाताळला दंड ठोकणारी मंडळी तिथे पोचायच्या आधीच ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत बसली होती. परका कोण आणि मूळचा कोण, हे ठरवायला बसलात तर हा घोळ आधी निस्तरावा लागेल.

एवढं सांगून छाती फुगवून थांबायचा मोह होतो. आमची बरीच माणसं इथेच थांबतात. ‘बघा, आम्ही किती मराठी!’ माझं म्हणणं इथून पुढे सुरू होतं. सण जर आम्ही घडवलाय, तर त्याचं आज जे झालंय त्याचा दोष मॉलला, अमेरिकेला, जाहिरातीला देऊन आम्हाला सुटता येणार नाही. हिशेब आम्हीच द्यायचा.

आणि आज झालंय काय ते बघा. शहरातल्या मंडळ्यांमधून डिसेंबर उजाडताच मंडपवाला, साउंडवाला, रोषणाईवाला यांची वर्दळ सुरू होते. तरुण संघाला एलईडीची भिंत हवी, महिला मंडळाला एका रंगाच्या साड्या. पास्टोरेट कमिटीत वाद होतो तो कॉन्ट्रॅक्ट कुणाला द्यायचं यावर. चिठ्ठीत नाव निघेल त्याला द्यायची ‘सीक्रेट सांता’ची भेट अमुक रकमेच्या खाली नको, असा फतवा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. खरं तर नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ, वाट बघायचा काळ, आणि सणाचे दिवस पंचवीसला सुरू होऊन ६ जानेवारीपर्यंत चालायचे. आम्ही ते उलटं करून टाकलंय. पंचवीसच्या आधीच गाणी, केक, पार्ट्या सगळं उरकतं आणि सव्वीसला माणसं दमून झोपलेली असतात.

यातला कपड्यांचा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. नाताळच्या सकाळच्या उपासनेला नवे कपडे हवेत, हा अलिखित नियम जुनाच आहे. माझ्या लहानपणी एका तागातून तिघा भावांचे शर्ट शिवून भागायचं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आता पोरं एकमेकांची लेबलं बघतात. नवं घेता आलं नाही म्हणून नाताळच्या दिवशीच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न येणारी घरं मला ठाऊक आहेत. एरवीचा एक रविवार न चुकवणारी ही माणसं. ज्याच्या जन्माच्या वेळी आईबापाला उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा मिळाली नाही त्याच्या वाढदिवसाला कपड्यांअभावी माणसं बाहेर राहतात, आणि आम्ही आत बसून तोच शास्त्रपाठ वाचतो. याला उत्तर म्हणून एखाद्या मंडळीने कपडेवाटप सुरू केलं की मला आणखी धास्ती वाटते. मग कोण वाटपाचे कपडे घालून आलंय हेही सगळ्यांना दिसतं.

माझा थोरला भाऊ नगर जिल्ह्यात पाळक होता. त्याच्या मंडळीतली निम्मी घरं नाताळला गावात नसायची. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ही माणसं ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. एका वर्षी दादा म्हणाला, ‘मंडळी इथं नाही तर मी इथं घंटा कुणासाठी वाजवू?’ आणि चोवीसच्या संध्याकाळी मला घेऊन कारखान्याजवळच्या कोप्यांवर गेला. उसाच्या पाचटाच्या त्या कोप्या, बाहेर टायरगाड्या, बैलांपुढे वाढं टाकलेलं. माणसं फडातून यायची होती, आलेल्या बायका भाकरी थापत होत्या. उपासना सुरू व्हायला साडेनऊ वाजले आणि ती वीस-पंचवीस मिनिटांत आटोपली, कारण पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं होतं. दादाने प्रवचन केलंच नाही. लूकचा दुसरा अध्याय वाचला, दोन गीतं झाली, प्रार्थना झाली. ख्रिस्ती नसलेली घरंही येऊन बसली होती. मग आम्ही नेलेला चिवडा वाटला.

हे मी पुण्यात घरी सांगितलं की लेक माझ्याकडे संशयाने बघते. तिचं म्हणणं नोंदवायलाच हवं. ती म्हणते, ‘पप्पा, साधेपणा तुम्हाला आवडतो, कारण तुमच्याकडे कपाट भरून कपडे आहेत. त्या कोप्यांवरच्या पोरांना विचारा ना, त्यांना लाल टोपी आणि केक हवाय की तुमचं कीर्तन?’ तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. त्या रात्री पोरं दादाच्या पिशवीत डोकावून ‘केक नाय का आणला?’ विचारत होती. गरिबाने सणाला हौस करू नये, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कुणी काढला तर तो मी मागे घ्यायला लावीन. हौस ही गरिबाची पहिली. माझं भांडण आहे ते हौसेची पट्टी ठरवणाऱ्या आमच्याशी, म्हणजे ज्यांची परवड कधी होत नाही त्या शहरी नोकरदार घरांशी. आम्ही पट्टी जितकी वर नेतो तितकं खालच्यांना कर्ज काढून तिथवर पोचावं लागतं, नाहीतर दार लावून घरात बसावं लागतं.

नगरच्या ख्रिस्ती माणसाने पंचवीस डिसेंबरचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरू नये. १९२७ साली याच तारखेला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. परिषदेचा मांडव घालायला गावात कुणी जागा देईना, तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान माणसाने. आमच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज ज्या वस्त्यांमधून आले त्याच वस्त्यांची माणसं त्या मांडवात बसली होती. भावकीतल्या काहींनी ख्रिस्ताची वाट धरली, काहींनी आंबेडकरांची. पण दोन्ही वाटा एकाच उंबऱ्यावरून निघाल्या. आमच्या शहरी उपासनांमध्ये मी महाडचा उल्लेख फारसा ऐकलेला नाही. राजकारण नको, असं म्हणतात. जागा नाकारलेल्यांची गोष्ट व्यासपीठावरून दरवर्षी वाचायची आणि आपल्याच जिल्ह्या-दोन जिल्ह्यांपलीकडे, त्याच तारखेला, जागा नाकारलेल्या माणसांनी काय केलं ते सांगायचं नाही, याला मी शालीनता म्हणणार नाही.

याला जोडूनच एक अवघड विषय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने विहिरीवरची वागणूक बदलली असं नाही, पण कागद, म्हणजे जातीचा दाखला, बदलतो. त्यामुळे खेड्यांत अशी घरं आहेत जिथे चांदणी दाराबाहेर लागत नाही, आतल्या खोलीत लागते. शहरातले आमचे लोक त्यांना भित्रे म्हणतात. पोराची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, धाकट्याची नोकरी, एवढं सगळं त्या एका कागदाला बांधलेलं असताना दाराबाहेर चांदणी लावायला किती धैर्य लागतं, हे सोसायटीच्या सातव्या मजल्यावर रोषणाई करणाऱ्याने सांगू नये. नाताळ उघडपणे साजरा करता यावा ही मागणी खरी असेल, तर ती या आदेशातल्या, धर्माची अट घालणाऱ्या तिसऱ्या परिच्छेदापाशी जाऊन करावी लागेल. हॉल भाड्याने घेऊन स्नेहमेळावे भरवल्याने ती पुरी होत नाही.

शाळेत मुलांना सांताचे कपडे घालायचे की नाही, यावर हल्ली दरवर्षी जो धुरळा उडतो त्यावर मला थोडंच बोलायचंय. सांता गेला तर माझ्या पोटात दुखणार नाही. पालकाची इच्छा नसेल तर त्याच्या मुलाला लाल टोपी घालू नये, हेही सरळ आहे. पण हे बोलणाऱ्यांनी मग सगळ्याच वेशभूषांना तोच नियम लावावा. २०१४ पासून पंचवीस डिसेंबर हा सुशासन दिन म्हणूनही पाळला जातो. वाजपेयींचा जन्मदिवस त्याच तारखेचा, त्याबद्दल तक्रार नाही. एका तारखेत पुष्कळ काही मावतं. वर महाड आलंच की.

मग आमच्या घरी आम्ही करतो काय? भेटवस्तूंची देवाणघेवाण बंद केली, लहान मुलांपुरती ठेवली, कारण तिथे लेकीपुढे माझं चाललं नाही. झाड आहे, तेही तिचंच. नवे कपडे नाताळला घ्यायचे नाहीत, ज्याला लागतील त्याने जूनमध्ये घ्यावेत. सकाळच्या उपासनेला धुऊन इस्त्री केलेले जुने कपडे घालून जायचं. पहिल्या वर्षी बायकोला मैत्रिणींनी खोदून खोदून विचारलं, घरात काही अडचण आहे का. आता विचारत नाहीत, आणि अजून दोन घरांनी तसंच सुरू केलंय. फराळ मात्र वाढवलाय. ताटं सव्वीस ते सहा तारखेच्या दरम्यान फिरतात, सावकाश, बसून गप्पा मारायला वेळ असतो तेव्हा. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे मावशी म्हणतात, तुमचा सण संपतच नाही. मी म्हणतो, संपवायची घाई कुणाला आहे?

घरापुरतं एवढं जमतं. मंडळीपुरतं जमवायचं तर तीन गोष्टी लागतील. नाताळच्या खर्चाचं अंदाजपत्रक ऑक्टोबरातच सगळ्यांपुढे यावं आणि त्यातला ठरावीक वाटा, रोषणाईचं बिल चुकतं व्हायच्या आधी, खेड्यांतल्या पाळकांकडे जावा, त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. चोवीसच्या रात्रीची मुख्य उपासना मराठीत व्हावी. इंग्रजीची वेगळी ठेवायला कुणाची ना नाही, पण आज मराठीची उपासना दुपारी चारला उरकून मोठा मान इंग्रजीला दिला जातो, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका चारला कामावर असतात. आणि कमिटीतल्या, व्यासपीठावर बसणाऱ्या सगळ्यांनी त्या दिवशी जुने कपडे घालावेत. हसू नका. सुरुवात वरून झाली तरच खालचा माणूस आत येईल. गेल्या वार्षिक सभेत मी हे ‘ऐनवेळच्या विषयां’त मांडायला उभा राहिलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. यंदा मुदतीच्या आधी, लेखी दिलंय आणि पोच घेतली आहे.